आई आता डेअरीपाशी

आपलं वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडून, तेही टीव्हीतून, ऐकू आलं तेव्हा कुमुदिनीबाई लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही. पाकळी सोलून वाटीत पडली, पुढची नखात आली, आणि मग कानांनी ऐकलेलं आत कुठंतरी जाऊन आपटलं. बुधवारची दुपार होती. लोकसभा चालू होती, आणि लोकसभा चालू असली की लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसरं चॅनेल लागत नसे. कुमुदिनीबाईंना राजकारणात काडीचा रस नव्हता. चौथीत शाळा सुटलेली बाई, अक्षराला अक्षर लावून वाचणारी. सभागृहातल्या मंडळींबद्दल त्यांचं मत एकच होतं, की एवढी मोठी माणसं पण बसायची रीत नाही. त्या बघत ते थोरल्या मुलाचं डोकं. विनय तिथं रिपोर्टर होता. वर्तमानपत्राचा नव्हे, सभागृहाचा. अध्यक्षांच्या समोर खाली टेबल असतं, तिथं येऊन बसायचं, पाच मिनिटं जे बोललं जाईल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, पाच मिनिटांनी दुसरा येऊन शेजारी टेकला की उठायचं आणि आत जाऊन टाइप करायचं. कॅमेरा वरून फिरला की क्षणभर ते डोकं दिसे, वाकलेलं, मधोमध आठ आण्याएवढं टक्कल पडलेलं. ते दिसलं की कुमुदिनीबाईंचं दुपारचं औषध घेऊन झालं. मान वर केली की शब्द सुटतो, असं विनय सांगे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती मान कधी वर झालेली पाहिली नव्हती. आज झाली.

दोन दिवस सभागृहात एकच विषय चालला होता. शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगात ठेवण्याऐवजी त्याच्या पायात एक पट्टा बांधायचा आणि त्याला घरी पाठवायचं. तो कुठं आहे ते पट्टा सांगणार; ठरवलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की तिकडे पोलिसांच्या पडद्यावर दिवा लागणार. एक जण म्हणाला, तुरुंगात माणसं बरणीत लोणचं दाबावं तशी दाबलेली आहेत. दुसरा म्हणाला, ज्याचं घरच दहा बाय दहाचं, त्याला घरात कोंडलं काय नि तुरुंगात कोंडलं काय. तिसरा म्हणाला, ज्यांचं माणूस गेलं त्यांनी रोज त्याला समोरच्या गॅलरीत चहा पिताना बघायचं का. कुमुदिनीबाई दोन दिवस काही ना काही निवडत, सोलत, पुसत टीव्हीसमोर बसल्या होत्या. सुनेला, मयुराला, त्यांनी सांगितलं होतं की तिथं उजेड चांगला येतो. मग खासदार प्रभाताई उठल्या, पदर सावरला, हिंदीत सुरुवात केली. सरकारने सगळ्यांना विचारलं, वकिलांना, पोलिसांना, पट्टे बनवणाऱ्यांना. पण इथंच दिल्लीत राहणाऱ्या एका मराठी आईने मला जे सांगितलं ते ऐका, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य मराठीत म्हटलं, जसंच्या तसं: "त्याच्या आईला विचारलंत का आधी? आत आहे तोवर तो कुठं आहे ते एकट्या आईला ठाऊक. घरी आला की अख्ख्या गल्लीला."

बाकं वाजली. आणि टेबलावरचं ते डोकं वर आलं. चेहरा दिसला नाही, चष्म्याची काच एकदा चमकली. पाण्यात काही पडल्यावर मासा वर येऊन जातो तेवढंच. लगेच वाकलं, हात पुढे सरकला. शेजारी दिवाणावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली नात शिवांगी हसली. "आजी, ही बिल्कुल तुझ्यासारखं बोलली यार. सेम टू सेम." कुमुदिनीबाईंनी वाटी तिच्या हातात दिली आणि लसूण आत नेऊन ठेवायला सांगितलं. बोटांना वास येत होता. त्यांनी बोटं पदराला पुसली, नाकापाशी नेली, पुन्हा पुसली.

जानेवारीतली गोष्ट. प्रभाताईंच्या बंगल्यावर दर वर्षी हळदीकुंकू असतं. दिल्लीभरातल्या मराठी बायका जमतात. सरकारी कॉलन्यांतल्या, गुडगाव-नोएडाच्या कंपन्यांतल्या. कुमुदिनीबाईंना कपाळाला कुंकू लागत नव्हतं नवरा गेल्यापासून, पण तिळगुळाला बोलावणं असे, आणि प्रभाताई मुद्दाम खुर्ची देऊन पुढे बसवीत, कारण या म्हातारीच्या तोंडाला धार आहे आणि ती गेल्या वर्षी एका मंत्र्याच्या बायकोच्या साडीबद्दल जे बोलली ते अजून सगळ्यांना आठवत होतं. हिरवळीवर ऊन होतं, वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या वाटत होते. कोणीतरी विचारलं, धाकटे चिरंजीव कुठं असतात हल्ली. जर्मनीत, कुमुदिनीबाई म्हणाल्या, मशिनरीच्या कामाला. तीन वर्षं त्या हेच सांगत होत्या. पहिल्या वर्षी सरोजिनी मार्केटमधून परदेशी कागदातली चॉकलेटं आणून धाकट्या गुणाने पाठवली म्हणून जिन्यातल्या चारी घरांत वाटलीसुद्धा होती, आणि समोरची पंजाबीण म्हणाली होती की जर्मनीच्या चॉकलेटची गोष्टच वेगळी. तर त्या दिवशी प्रभाताईंनी सहज म्हणून सगळ्यांना विचारलं: असा असा कायदा येतोय, गुन्हेगाराला पट्टा बांधून घरी ठेवायचा, तुम्हा आयांना काय वाटतं? कोणी म्हणालं बाई गं, कोणी म्हणालं घरात लहान मुलं असतात. मग सगळ्यांच्या माना कुमुदिनीबाईंकडे वळल्या, आता ही काय बोलते म्हणून. त्या वळलेल्या माना, तेवढ्यानेच सगळं झालं. गप्प बसता आलं असतं. काय कळतंय मला म्हातारीला, असं म्हणून चाळणी बघत बसता आलं असतं. पण शंभर बायकांनी तोंडाकडे बघावं आणि कुमुदिनीबाईंच्या तोंडून काही निघू नये, असं आयुष्यात घडलं नव्हतं. वाक्य आलं. टाळ्या पडल्या. प्रभाताई म्हणाल्या, हे मी सभागृहात बोलणार हं, आणि कुमुदिनीबाईंनी मान हलवली, ऐट होती त्यात. एवढ्या बायकांत एकीलाही वाटलं नाही, की जिचा कोणी आत नाही तिला हे ठाऊक कसं. परत येताना ऑटोत ती चाळणी मांडीवर होती आणि तिच्या भोकांतून साडीची फुलं दिसत होती.

धाकटा गुणवंत तीन वर्षं तुरुंगात होता. अजून दोन उरली होती. पानिपतला जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत काढायचा कारखाना, तिथं तो पाळीचा सुपरवायझर. मागच्या दाराने माणसं बाहेर जात, चिंध्यांच्या ढिगापाशी बिड्या ओढत, म्हणून ते दार पाळी सुरू झाली की बाहेरून बंद ठेवायचं असं त्याने ठरवलं. आग बाहेरून लागलीच नाही. आतल्या मशीनमधून लागली, दुपारी सव्वातीनला, आणि बाकीचे पुढच्या दाराने पळाले तेव्हा एक बाई सवयीने मागच्या दाराकडे धावली. तीस वर्षांची. कुलूप कोणी लावलं, असं कोर्टात विचारलं. मालकाने सांगितलं मला माहीत नाही. शिपायाने सांगितलं मला सांगितलं ते मी केलं. गुणवंत म्हणाला, "मी लावायला सांगितलं. आत असली की जिवाला घोर नसतो, साहेब." कुमुदिनीबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या पाठीवरून कोणीतरी ओला हात फिरवावा तसं झालं, कारण ते वाक्य गुणाचं नव्हतं. ते त्यांचं होतं. त्यांनी ते सरोजिनी नगरच्या जुन्या क्वार्टरच्या जिन्यात, शेजारणीला, हातात किल्ली घेऊन म्हटलं होतं. एकदा नाही, रोज. विनय नऊ वर्षांचा, गुणा पाचाचा. नवरा ऑफिसात, दूध, रेशन, भाजी सगळं एकटीने आणायचं, आणि पोरं खाली रस्त्यावर पळतात, म्हणून त्या बाहेरून कुलूप घालून जात. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. गुणा खिडकीच्या गजांत तोंड घालून हाका मारी. त्या वळून बघत नसत. वळून बघितलं की पोर जास्त रडतं, हे त्यांचं शास्त्र होतं, आणि खरंही असावं, कारण थोड्या वेळाने हाका थांबत. ते क्वार्टर आता राहिलं नाही. तिथं पाडापाड झाली, उंच इमारती आल्या, जिना गेला, खिडकी गेली. वाक्य तेवढं राहिलं आणि पानिपतला जाऊन एका दाराला लागलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर एक बाई बसली होती, हरयाणवी घागऱ्याची, पायात चांदीची जड कडी, मांडीवर फोटोचं पाकीट. कुमुदिनीबाई टेकल्या तशी ती सरकली. बराच वेळ दोघी पंख्याकडे बघत होत्या. मग त्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "आपका कौन है?" कुमुदिनीबाई दोन घोट प्यायल्या. तोंड पुसलं. "कोई नहीं," म्हणाल्या. आत पुकारा झाला तेव्हा दोघी एकाच दाराने गेल्या, दोन बाजूंना बसल्या, आणि त्या बाईने एकदा वळून बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. रागाला कुमुदिनीबाई पुरून उरल्या असत्या. तिने बघितलं ते आपण पाणी दिलेल्या बाईला कुठं बसायचं ते कळलं नाही की काय, अशा काळजीने. ते पाणी अजून कधी कधी घशाशी येतं.

तुरुंगात त्या एकदाच गेल्या. पुन्हा जमणार नाही म्हणाल्या, गुडघ्यांचं कारण सांगितलं. फोन मात्र यायचा, दर गुरुवारी सकाळी दहा ते अकराच्या मध्ये कधीही, पाच मिनिटं मोजून. आणि दर गुरुवारी गुणाचा पहिला प्रश्न एकच: "आई, आत्ता कुठं आहेस?" त्या वैतागत. कुठं असणार, घरात. घरात कुठं? अरे, बसलेय. कशावर? दिवाणावर. समोर काय आहे? पाच मिनिटांतली दीड मिनिटं हा असल्या गोष्टींत घालवी, आणि जे विचारायचं ते, जेवलास का, खोकला आहे का, ते राहून जाई. आत राहून डोकं चालेनासं झालंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग तीन आठवड्यांपूर्वी कागद आला. कायदा झालाच तर पहिल्या यादीत कोणाकोणाला घालायचं यासाठी तुरुंगाने घरच्यांची संमती आधीच मागवली होती. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. विनयने केली, मयुराने केली, शिवांगी अठरा पूर्ण म्हणून तिनेही केली. खाली आईच्या नावापुढे जागा कोरी, आणि त्याच्याही खाली एक रकाना: घराबाहेरचा, कैद्याच्या कुटुंबाला ओळखणारा, प्रतिष्ठित साक्षीदार. म्हणजे सही करायची तर आधी कोणातरी परक्याच्या दारात जाऊन सांगायचं, की जर्मनी वगैरे काही नाही. कागद शुक्रवारपर्यंत पोचायला हवा होता. तो कपाटात, लुगड्यांच्या घडीत होता. दुपारी घरात कोणी नसलं की कुमुदिनीबाई तो काढून बोटाने ओळ लावून वाचत. पट्ट्याला रोज दोन तास चार्जिंग लागणार, तेही पायात असतानाच. म्हणजे प्लगपाशी बसावं लागणार. टीव्हीजवळचा प्लग खाली आहे, तिथं जमिनीवर बसवत नाही गुणाला, पाट द्यावा लागेल. एका दुपारी त्यांनी तिथं पाट टाकला आणि स्वतः बसून बघितलं, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. तिथून जिन्याचं दार दिसतं. जिन्यात कोणाची चप्पल वाजली तशा त्या गडबडीने उठल्या, पाट आत नेला. चारी घरांना दाराशी आलेली पोलिसांची गाडी दिसणार. पंजाबीण विचारणार, भाभीजी, जर्मनीवाला आया है क्या. या एका प्रश्नाच्या तोंडाशी येऊन त्यांचं सगळं मन अडून बसत होतं. मनाला त्याची लाज वाटायची, पण ते हलत नसे.

विनय साडेसहाला आला. बूट काढले, हातपाय न धुताच दिवाणावर बसला. मयुरा चहा ठेवून आत गेली आणि जाताना शिवांगीला हाताला धरून घेऊन गेली, तेव्हा कुमुदिनीबाईंना कळलं की सगळ्यांना कळलंय.

"तूच ना ती?" विनयने विचारलं.

"कोण ती?"

"एक मराठी आई."

त्यांनी पदर सारखा केला. "खोडता येतं का ते?"

"नाही. चूक असेल तर सुधारता येते. बोललेलं काढता येत नाही. मीच टाइप केलंय, आई. तुझं ‘अख्ख्या’ तसंच ठेवलंय."

हा मुलगा लहानपणापासून असा. रागावला की आवाज आणखी सपाट करी, जणू दुसऱ्याचं बोलणं वाचून दाखवतोय. कुमुदिनीबाईंना त्याच्यावर ओरडताही येईना. त्या म्हणाल्या, तू मला शहाणपण शिकवू नकोस, तुझ्या ऑफिसात कळेल त्या दिवशी तुझं काय होईल ते बघ आधी, मोठ्या लोकांत बसतोस, भाऊ कुठं आहे ते एकाला तरी सांगितलंयस का. विनय चहा प्यायला. कप बशीत ठेवला. सोमवारीच लेखी कळवलंय, म्हणाला. सरकारी क्वार्टर आहे, गुणा राहायला येणार तर कळवावंच लागतं. साहेबांनी वाचलं, तारीख घातली, फाइलला लावलं. झालं. एवढंच. म्हणजे तीही आडोशाची भिंत गेली. आता उरली होती ती एकट्या कुमुदिनीबाईंची लाज, आणि ती उघड्यावर फार लहान दिसत होती, ओल्या मांजरासारखी. खालच्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्याने कोळशावर वारा घालायला सुरुवात केली, ठिणग्यांचा बारीक आवाज वर आला.

"मी तुम्हाला कोंडून जायचे," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही काय करायचात रे?"

विनयने चष्मा काढला. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी अभ्यास करायचो, म्हणाला. गुणा आधी खिडकीत जायचा. तू दिसेनाशी झालीस की दारापाशी येऊन खाली बसायचा, दाराला कान लावायचा. आणि सांगायला लागायचा. "आई आता टाकीपाशी. आई आता शाळेच्या भिंतीपाशी. आई आता डेअरीपाशी, दुधाच्या मशीनमध्ये टोकन घालतेय. मग बराच वेळ गप्प. मी विचारायचो, काय रे, पुढे? तर म्हणायचा, भांडतेय कोणाशी तरी." विनय हसला, आणि हसता हसता थांबला. "पाच वर्षांचा होता. तुझ्याबरोबर जितक्या वेळा गेला असेल त्यावरून त्याने सगळा रस्ता पाठ केला होता. तुला नेऊन, परत आणून, जिन्यात चढवून म्हणायचा, आली. आणि पुष्कळदा खरंच तू कुलूप काढायचीस. एकदा तुला फार उशीर झाला, रेशनला रांग होती का काय. त्याने तुला डेअरीपाशी उभं करून ठेवलं. पुढे जाऊच देईना. म्हटलं अरे, ती पुढे गेली असेल. नाही म्हणाला, पुढचं मला दिसत नाही, तिथंच थांबू दे तिला."

कुमुदिनीबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, लसणाची वाटी झाकली, झाकण पुन्हा काढलं. त्या दिवशी रांग नव्हती. त्यांना आठवत होतं, चांगलं आठवत होतं. त्या दिवशी त्या मार्केटमध्ये एका दुकानाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या होत्या, निळं कापड खांद्यावर टाकून, घ्यायचं नव्हतं तरी. दोन पोरं कुलपात आहेत, कुठं जात नाहीत, या भरवशावर अर्धा तास. आयुष्यातला तेवढाच अर्धा तास असा, की त्या कुठं आहेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो किती गोड लागला होता. आणि तिकडे दाराला कान लावून पाच वर्षांचं पोर त्यांना डेअरीपाशी धरून बसलं होतं, हरवू नयेत म्हणून. आत्ता कुठं आहेस. कशावर बसलीस. समोर काय आहे. तीन वर्षं दर गुरुवारी त्यांनी त्याला एकाच शब्दात परत पाठवलं होतं: घरात.

गुरुवारी सकाळी त्यांनी कोणाला विचारलं नाही. चांगलं लुगडं नेसल्या, कागद पिशवीत घातला, दाराला कुलूप लावून ऑटोने प्रभाताईंच्या बंगल्यावर गेल्या. बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं भेटायला बसली होती, अर्ज घेऊन, हार घेऊन. प्रभाताईंनी लांबूनच ओळखलं आणि मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, या बघा, यांचंच वाक्य काल सभागृहात गाजलं. माना वळल्या. पुन्हा त्याच वळलेल्या माना. कुमुदिनीबाईंना त्या दिवशीसारखीच जिभेवर चव आली, काहीतरी झणझणीत बोलून टाकायची. ती त्यांनी गिळली.

"ते मी खोटं बोलले होते," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा तुरुंगात आहे. जर्मनीत नाही. त्याने दाराला कुलूप लावायला लावलं आणि त्यात एक बाई जळून गेली."

खोलीतल्या हाराच्या कागदाची चुरचुर थांबली. प्रभाताई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या, दार लोटलं. रागावल्या नाहीत, पण खुर्चीही दिली नाही, विसरल्या. म्हणाल्या, रेकॉर्डवर गेलं हो ते, आता मी काय म्हणू, सोमवारी मतदान आहे. कुमुदिनीबाई म्हणाल्या, म्हणा की त्या आईला खरंच विचारलं तेव्हा ती वेगळं बोलली. नाव घालून म्हणा. कुमुदिनी बोराडे, लक्ष्मीबाई नगर. प्रभाताई खिडकीतून हिरवळीकडे बघत राहिल्या.

"आणि जी गेली," त्या हळू म्हणाल्या, "तिच्या आईला मी काय सांगू?"

"मला नाही ठाऊक," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मी तिच्या शेजारी बसले होते. तिचं पाणी प्यायले. तिने विचारलं तुमचं कोण आहे, तर कोणी नाही म्हणाले. तिला सांगायचं ते मलाच सांगावं लागेल, तुम्ही नका सांगू." मग त्यांनी पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला, प्रभाताईंच्याच पेनने आपल्या नावापुढच्या कोऱ्या जागेत सही केली, एकेक अक्षर सुटं, शेवटच्या ‘डे’ची मात्रा रेघेबाहेर गेलेली. कागद फिरवून पुढे सरकवला. खालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मत काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. सही तेवढी करा."

प्रभाताईंनी कागद पूर्ण वाचला, मागचं पानही. पेन हातात धरून बराच वेळ बसल्या. मग सही केली, खाली तारीख घातली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी केव्हाची उभी आहे.

ऑटो मिळाली तेव्हा दहा वाजून गेले होते. कागद आता आज संध्याकाळी विनय वकिलाकडे पोचवणार होता. पुढे यादीत नाव लागेल की नाही, कायदा होईल की नाही, पंजाबीण काय म्हणेल, सगळं तसंच होतं, जागच्या जागी. पिशवीत फोन वाजला. ध्वनिमुद्रित आवाजाने नेहमीचं सांगितलं, हा फोन तुरुंगातून आहे, आणि मग गुणा.

"आई, आत्ता कुठं आहेस?"

"ऑटोत," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "प्रभाताईंच्या बंगल्यावरून निघालेय. आत्ता जोरबागच्या सिग्नलला थांबलोय. शेजारी शाळेची बस आहे, पिवळी. डावीकडे शहाळीवाला बसलाय, त्याने निळी छत्री लावलीय. थांब, सुटला सिग्नल. मकबऱ्याचा घुमट दिसतोय, उजवीकडे. त्यावर पक्षी बसलेत, कबुतरं असतील. गेला, मागे गेला. आता पुलावर चढतेय." गुणाचा श्वास ऐकू येत होता, जवळून, फोन कानाला घट्ट दाबून धरल्यासारखा. "पुलावर वारा आहे. माझा पदर उडतोय, एका हाताने धरलाय. हा ऑटोवाला मेला आडवातिडवा घालतोय, मी त्याला बोलणार आहे आता."

"भांडू नकोस," गुणा म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी फार खालून आला.

"सही केली मी," त्या म्हणाल्या, पण तेवढ्यात पाच मिनिटं झाली आणि लाईन कटली. ऐकलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी फोन कानापासून काढला नाही. आयएनएचा बाजार आला, त्या म्हणाल्या. मासळीचा वास येतोय. आता वळतेय. ऑटोवाला आरशातून बघत होता, बघू दे. गेटातून आत आल्या, उतरल्या, पाण्याच्या टाकीवरून गेल्या, जिन्याला लागल्या, आणि एकेक पायरी त्या मोजून, सावकाश चढल्या, गुडघ्यांसाठी थोडं आणि थोडं मागून कोणीतरी बरोबर येत असल्यासारखं. दाराला कुलूप होतं. किल्ली आत घातली, आणि फिरवण्याआधी त्यांनी दाराला कान लावला. आत फ्रीज घुरघुरत होता.

"आले," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि कुलूप काढलं.